संजीवनीचा गुरुवार

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत संजीवनी एकोणीस वर्षं दूध तपासत होती. टँकर धक्क्याला लागला की शिडीवर चढायचं, झाकण उघडायचं, वाकायचं आणि पहिला वास घ्यायचा. नळ्या, औषधं, आंबटपणाची परीक्षा हे सगळं त्यानंतर. त्या पहिल्या वासातच तिला कळायचं, की कुठल्या तरी गावच्या म्हशींनी कांद्याची पात खाल्लीय, की कॅन धुतलेलाच नाही, की सकाळच्या दुधात कालचं संध्याकाळचं गुपचूप ओतलंय. टँकरचे ड्रायव्हर तिला वचकून असत. मॅडमनी नाक मुरडलं की गाडी माघारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कामावर हे नाक मानाचं होतं. बाहेर मात्र त्यानं तिचा जीव नकोसा केला होता. लग्नाच्या पंगतीत भाजी उतरलीय हे तिला ताट समोर येण्याआधी कळे. एसटीत शेजारच्या माणसानं काय खाल्लंय, त्याचा सदरा किती दिवसांचा आहे, सगळं नको असताना समजे. नवरा लखन पिकअप चालवायचा. दिवसभर मार्केट यार्डातला भाजीपाला वाहून आला की आधी मोरी आणि मग घर, असा त्याला नियमच होता. लेक छकुली दहावीला होती. आईला किळस येते हाच आमच्या घरचा कायदा, असं ती मैत्रिणींना सांगायची.

संजीवनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना असे म्हणून त्या दिवशी ती दुपारची पाळी मागून घ्यायची, आणि गुरुवार मात्र स्वतःचा ठेवायची. स्कूटी काढून माहेरी, वडगाव निंबाळकरला जायची. शाळेपासूनची मैत्रीण साखरबाई गावातच दिलेली होती. घरचा ऊस, थोडा टोमॅटो आणि रानाच्या कडेला जुनी दगडी विहीर. चाळिशी ओलांडलेल्या दोघी बायका जुने पंजाबी ड्रेस घालून काठावरून धप्पकन उड्या मारायच्या, दोन-तीन तास डुंबायच्या, मग बांधावर बसून भाकरी-ठेचा खायच्या. आठवडाभर नाकात भरलेलं सगळं त्या गार पाण्यात निघून जायचं. संध्याकाळी घरी आलेली संजीवनी एवढी हलकी असायची की लखन त्याच दिवशी तिच्याकडं काय मागायचं ते मागून घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळीत नवे पास्टर आले. संदेश पास्टर, वय बत्तीस. माणूस वाईट नव्हता. पहाटे चारला उठून प्रार्थना करायचे, चहासुद्धा घ्यायचे नाहीत, कुणाचा फोन आला की पावसापाण्याचं निघायचे. पण आपल्याला जे जमतं ते सगळ्यांना जमलंच पाहिजे असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी मंडळीसाठी एक तक्ता काढला आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवला. पहाटेची प्रार्थना किती वाजता, वाचन किती अध्याय, उपास किती, सेवा किती तास. शेवटचा रकाना होता, 'वाया गेलेला वेळ'. दर शनिवारी तक्ता भरून ग्रुपवर टाकायचा.

संजीवनीनं पहिल्या शनिवारी खरं ते लिहिलं. 'वाया गेलेला वेळ : तीन तास, पोहणे.'

पास्टरांचा लगेच फोन आला. "ताई, रागावू नका. पण तुमच्याकडं तरुण मुली बघतात. देवानं दिलेला सुट्टीचा दिवस असा विहिरीत घालवायचा म्हणजे... तुम्हीच विचार करा."

तिनं विचार केला आणि तिला लाज वाटली. साखरबाईला तिनं कळवून टाकलं की आता गुरुवारी सेवा असते. साखरबाई म्हणाली, "कर बाई. पर पान्यानं तुझं काय वाईट केलं?"

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी पास्टर आणि संजीवनीसह मंडळीतल्या सात बहिणी इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याला कुशाबाईच्या भेटीला गेल्या. कुशाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बत्तीस वर्षं तिनं दवाखान्यात आया म्हणून काम केलं होतं. नवरा कधीच गेला, मुलगा सुरतेला जाऊन तिकडचाच झाला. अंगणात पडून मांडी मोडली तेव्हापासून ती आठ महिने पुतण्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पडून होती. पुतण्याची बायको दोन वेळा ताट आणून दारात ठेवी आणि निघून जाई.

दार उघडलं आणि संजीवनी उंबऱ्यावरच थबकली. लघवीचा वास होता, घामानं कुजलेल्या वाकळेचा होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, गोडसर आणि जड. मेलेल्या जनावराजवळून जाताना येतो तसा. ही बाई पाठीकडून सडतेय, हे संजीवनीला त्याच क्षणी कळलं. बाकीच्या बहिणी पदर नाकाला लावून आत शिरल्या. कुणी उदबत्ती लावली. तो चंदनाचा वास त्या वासात मिसळला तशी संजीवनी दाराकडं सरकली.

तीन गाणी झाली. पास्टरांनी कुशाबाईच्या कपाळावर हात ठेवून मोठी प्रार्थना केली. केळी आणि बिस्किटांचे पुडे उशाशी मांडले. मग सगळ्याजणी खाटेभोवती उभ्या राहिल्या आणि फोटो निघाला. पंचवीस मिनिटांत सगळे बाहेर. परतताना फाट्यावर गाडी थांबली आणि बहिणींनी गरम भजी खाल्ली. "किती शांती वाटली नै आत?" एकजण बोटं चाटत म्हणाली. संजीवनी गाडीतून उतरलीच नाही.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला. 'सेवा : सात बहिणी, प्रत्येकी दोन तास.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. छकुलीनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"आई, सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. या आज्जी तुझ्या हाताकडं का बघतायत?"

संजीवनीनं पाहिलं. तिच्या हातात तिची स्वतःची पाण्याची बाटली होती. भरलेली. कुशाबाईचे ओठ सालपटं निघाल्यासारखे दिसत होते. आणि संजीवनी फोटोत दात दाखवून हसत होती.

दुपारी त्या खोलीची किळस आली होती, ती आता फिरून तिच्याच अंगावर आली. तिनं दोनदा दात घासले, आंघोळ केली, तरी काही केल्या ती जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपवून ती एकटीच लासुर्ण्याला गेली. बाटली उघडून तिनं कुशाबाईच्या तोंडाला लावली. म्हातारी सगळी बाटली प्यायली, दम खाल्ला आणि म्हणाली, "काल का न्हाय दिलंस?"

"चुकले."

"गानी म्हनायला आलीयास का काम करायला?"

"काम करायला."

"मंग दार लावून घे. आन् ती उदबत्ती पयली बाहेर फेक. मड्यापशी बसल्यावानी वाटतंय."

संजीवनीनं पाणी तापवलं. कुशाबाईला कुशीवर वळवलं तर वाकळ पाठीला चिकटलेली. पाण्यानं भिजवून भिजवून ती सुटी केली आणि खालचं दिसलं. माकडहाडावर मुठीएवढी जखम, कडा काळ्या, आत पांढरं काहीतरी हलत होतं. संजीवनी धावत मागच्या दारानं बाहेर गेली आणि उसाच्या सरीत भडाभडा ओकली. तोंड धुऊन परत आली. पुन्हा बघितलं, पुन्हा बाहेर गेली.

तिसऱ्यांदा ती आत आली तेव्हा कुशाबाई भिंतीकडं तोंड करूनच बोलली, "जेवून आलीस का?"

"न्हाय."

"मंग वकारी येनारच. रिकाम्या पोटी कदी यायचं न्हाय. मला बी पयलं वरीसभर व्हायचं. नाक धर, त्वांड वाकडं कर, मला काय त्याचं. हात चालव म्हंजी झालं."

त्या दिवशी तिनं जमेल तेवढं पुसलं, स्वच्छ चादर घातली आणि सरळ सरकारी दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी तिथली डॉक्टरीणबाई येऊन जखम साफ करून गेली, पट्टी कशी बदलायची ते शिकवलं आणि दर दोन तासांनी कूस बदलायला बजावलं. पुतण्याच्या बायकोनं तेवढं कूस बदलायचं कबूल केलं, तेही तोंड फिरवूनच.

मग संजीवनी रोज जाऊ लागली. पाळी संपली की सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर स्कूटी, दोन तास काम, परत येऊन स्वयंपाक, पहाटे चारला तक्त्यासाठी उठणं. गुरुवारी तर पूर्ण दिवस तिकडंच. तक्त्यात तिचा सेवेचा रकाना फुगत गेला. पास्टर रविवारी तिचं नाव घेऊ लागले. आणि तिला मात्र सगळ्याचीच शिसारी बसली. वरणात फोडणीचा हिंग पडला तरी तिला तो पू वाटायचा. लखन जवळ आला की ती अंग चोरायची. छकुलीचे केस विंचरताना तिची बोटं आखडायची. स्वतःच्या हातांना ती साबण लावून लावून इतकी घासायची की नखांभोवतीची कातडी निघाली होती.

लखन एकदा म्हणाला, "तू देवाचं करतीयास म्हणून मी गप हाय. पर आमच्याकडं तू फाटलेल्या दुधाकडं बघावं तशी बघतीस."

तो म्हणत होता ते खरंच होतं.

ऑक्टोबरात व्हायचं ते झालं. सकाळचा पहिला टँकर आला. ती शिडीवर चढली, वाकली. रात्रभर नाकात बसलेल्या जंतुनाशकाशिवाय तिला दुसरा कसलाच वास आला नाही. खाली प्रयोगशाळेत तिनं परीक्षानळी हातात घेतली, डोळे मिटले, उघडले आणि परीक्षा न करताच वहीत नेहमीचा आकडा लिहिला. एकोणीस वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं. दहा वाजेपर्यंत त्या दुधानं मोठ्या टाकीतलं सगळं दूध नासवलं. गटारातून पांढरे गोळे वाहत होते आणि आंबूस, चिकट वास सगळ्या आवारात भरला होता. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. फक्त वही उघडून तो आकडा दाखवला आणि विचारलं, "हे तुम्ही तपासून लिहिलं?"

"नाही," ती म्हणाली.

मेमो मिळाला, आठ दिवस तिला धक्क्यावरून काढून लेबलांच्या विभागात बसवलं. ज्या ड्रायव्हरांना ती दुधातल्या लबाडीवरून फैलावर घ्यायची ते खिडकीतून डोकावून जात होते. खोटं तक्त्यात आधीपासूनच होतं, सात बहिणी, दोन तास. आता ते आपल्या हातून वहीत आलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचं अक्षर बघवेना.

दूध नासलं त्याच दुपारी कुशाबाईची पट्टी सोडताना तिनं सगळं सांगितलं. कुशाबाईनं ऐकून घेतलं आणि एकदम तिच्यावर भडकली.

"तुला रोज ये म्हनलं कुनी? मी?"

"न्हाय, पण..."

"पन काय? बत्तीस वरसं मी लोकांचं हगमूत काढलं. आठ तास झालं की हात धुतलं आन् भाईर. शनवारी आमी चौघी आया पत्तं कुटायचो, तंबाखू लावून. वालचंदनगरला पिच्चर बगायला जायचो. मोठी शिस्टर वराडायची. म्या म्हनलं, शिस्टर, हितली घान म्या घरी न्हेत न्हाय, आन् पत्त्यातली मजा हितं आनत न्हाय. तुमच्यातल्या चार पोरी रडत पळून ग्येल्या, म्या हाय न्हवं अजून?"

"पास्टर म्हणतात, वेळ वाया..."

"पास्टरला म्हनावं एकदा माजी पट्टी सोड." कुशाबाई खोकली. "आन् तू. तुजं त्वांड बगून मलाच वकारी येती आताशा. मेल्यावानी येतीस. दोन दिस ये, पर जित्ती ये."

संजीवनी चिडली. एवढं करून वर हे. तिनं पट्टी जरा जोरातच बांधली आणि निघाली. कालव्याच्या पुलावर आल्यावर तिनं स्कूटी थांबवली. म्हातारीचा राग आला होता, पण तिच्या बोलण्यात खोटं काय होतं, ते शोधून सापडेना.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना झाल्यावर पास्टरांनी तक्ते वाचले. 'आदर्श सेविका' म्हणून संजीवनीचं नाव घेतलं, चौकटीतलं प्रशस्तिपत्र पुढं केलं आणि सगळ्यांपुढं आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितली. ती उठली, पण पुढं गेली नाही. जागेवरूनच बोलली.

"मला कुशाबाईंची किळस येते," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी आली, परवा शुक्रवारी पण आली. प्रार्थना करून गेली नाही. त्या तक्त्यात त्याला रकाना नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

मंडळीत चुळबुळ झाली. मागून कुणीतरी "बसा ताई" म्हणालं.

"आपण सातजणी गेलो होतो. दोन तास लिहिलं. आत पंचवीस मिनिटं होतो. ती बाई तहानलेली होती आणि माझ्या हातात पाणी होतं. मी दिलं नाही, फोटो काढला. त्या फोटोची मला जखमेपेक्षा जास्त किळस येते. आणि पुढं रोज एकटी जाऊन मी कामावर खोटा आकडा लिहिला, टाकीभर दूध नासवलं. घरात नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही. हे आदर्श असेल तर मला नको. मी आठवड्यातून दोनदा जाईन. बाकीच्या दिवसांना माणसं द्या. आणि गुरुवारी मी पोहायला जाणार."

शेवटच्या वाक्याला एक म्हातारी खुदकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर पदर घेतला. पास्टरांचे कान लाल झाले होते. त्यांनी समारोपाची प्रार्थना म्हटली, ती नेहमीपेक्षा फार लहान होती.

संजीवनीला वाटलं होतं की आपल्याला आता कुणी बोलणार नाही. काहीजणी खरंच बोलेनाशा झाल्या. 'देहस्वभावाला वश झालेली बाई' असंही तिच्या कानावर आलं. चौघींनी नावं दिली, त्यातल्या तिघी पहिल्या फेरीनंतर परत गेल्या नाहीत. टिकली ती सोनम. एमआयडीसीच्या रस्त्यावर तिचं छोटं ब्युटी पार्लर होतं. लोकांच्या टाचा घासून आणि काखा साफ करून तिचा जीव निबर झाला होता. कुशाबाईचे जटा झालेले केस तिनंच कापले आणि नखं काढली.

पास्टर पुढच्या मंगळवारी कुणाला न सांगता लासुर्ण्याला गेले. संजीवनी पट्टी बदलत होती. ते दारापर्यंत आले, पांढरे पडले आणि मागं फिरून पायरीवर बसले. पुन्हा पुढच्या आठवड्यात तसंच. तिसऱ्या खेपेला ते नाकाला रुमाल बांधून आत आले, मळलेली वाकळ आणि चादरी उचलून घरामागच्या विहिरीवर नेल्या आणि स्वतः धुतल्या. तिथं ते ओकले, हे संजीवनीला ऐकू आलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तक्ता त्यांनी बंद केला नाही, पण शेवटचा रकाना गेला. त्याबद्दल ते मंडळीत एक अक्षर बोलले नाहीत.

गुरुवारी संजीवनी वडगावला जाऊ लागली. पहिल्या दिवशी साखरबाईनं तिला सरळ पाण्यात ढकलून दिलं. तरी किळस एकदम गेली नाही. डिसेंबरपर्यंत तिला भाताचा वास सहन होत नव्हता. पण लखन पुन्हा जवळ बसू लागला आणि साहेबांनी तिला धक्क्यावर परत घेतलं. आता ती प्रत्येक परीक्षा दोनदा करायची. पहाटे चारऐवजी साडेपाचला उठायची, पंधरा मिनिटं प्रार्थना करायची. मात्र तेवढ्या पंधरा मिनिटांत तिला डुलकी लागत नसे.

कुशाबाईची जखम अर्धी भरली. पण छातीत कफ साठला आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती गेली. आदल्या दिवशी तिनं संजीवनीकडं तंबाखू मागितली होती. संजीवनीनं दिली नाही, याचं तिला पुढं फार वाईट वाटलं. सोनम आणि तिनं मिळून अंग धुतलं. पुतण्याची बायको पहिल्यांदाच आत आली, कोपऱ्यात उभी राहिली आणि रडली. तिच्या रडण्याचीसुद्धा संजीवनीला चीड आली. मग तिनं तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "पाय तुमी धुवा."

मे महिन्यात इंदापूरजवळच्या एका बागायतदाराच्या घरून फोन आला. त्यांचे वडील आप्पासाहेब अर्धांगवायूनं पडून होते आणि त्यांच्याही पाठीला जखमा झाल्या होत्या. घर हिंदू, गडगंज. पट्टी करायला ठेवलेली माणसं चार दिवसांत पळून जात होती. कुशाबाईचं कुणीतरी सांगितलं होतं. संजीवनीनं सोमवार आणि शुक्रवार सांगितले आणि सुनेला पट्टी शिकावी लागेल अशी अट घातली.

पहिल्या सोमवारी ती भरपेट जेवून गेली. मोठी खोली, पंखा, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी, आणि पलंगावर एक धिप्पाड म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडलेला. तिनं चादर वर केली. तिचं तोंड वाकडं झालं. आप्पासाहेबांच्या ते लक्षात आलं असावं.

"लई वास येतोय न्हवं, बाई?" त्यांनी अडखळत विचारलं.

"व्हय, येतोय," संजीवनी म्हणाली. "आप्पा, ह्या कुशीवर व्हा."